कानामागचे काजळ

ज्या वयात माझ्या बरोबरीच्या प्राध्यापकांची मुले शिकून नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूकडे गेली, त्या वयात मला दुसरीत शिकणारी मुलगी मिळाली. ती माझ्या पत्नीची मुलगी. पत्नीचे पहिले यजमान इथल्या, जबलपुरातल्या, एका संरक्षण कारखान्यात होते. मुलगी लहान असतानाच आजारपणात ते गेले. मी तोवर अविवाहित होतो आणि तसाच राहीन अशी माझी स्वतःचीही समजूत झाली होती. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. भरल्या वर्गासमोर तासभर बोलणे मला जमते, कारण त्यातला बहुतेक वेळ मी फळ्याकडे तोंड करून आकृत्या काढत असतो. समोर एकच माणूस असला आणि तो माझ्याकडे पाहत असला, की मात्र माझी वाक्ये घशातच राहतात.

मुलगी मला काका म्हणे, अजूनही म्हणते. आमच्यात भांडण नव्हते, तसे बोलणेही नव्हते. तिला मराठी सगळे कळते, पण बोलताना हिंदी आधी येते आणि मध्येच कुठेतरी एखादे मराठी क्रियापद डोकावते. मला तर दोन्ही भाषांत काही सुचत नसे. ती शाळेतून आली की मी "जेवलीस का?" विचारायचो, ती "हां" म्हणायची, आणि आमचे संभाषण संपायचे. पत्नी रेल्वेच्या कार्यालयात नोकरी करते आणि संध्याकाळीच घरी येते. माझे तास सकाळचे. त्यामुळे दुपारपासून दिवेलागणीपर्यंत घरात आम्ही दोघेच असायचो, आणि ते तास मी उत्तरपत्रिकांच्या आडोशाला काढत असे.

रविवार मात्र आजींचा होता. आजी म्हणजे मुलीच्या वडिलांच्या आई. त्या कारखान्याच्या वसाहतीपलीकडे, निवृत्त लोकांनी बांधलेल्या छोट्या घरांच्या ओळीत एकट्या राहतात. सुनेच्या दुसऱ्या लग्नाला त्यांनी मोडता घातला नव्हता. उलट, एकटीने किती दिवस ओढशील, असे त्याच आधी म्हणाल्या होत्या. नोंदणीच्या दिवशी त्या आल्या नाहीत. शेजारणीच्या हाती साडी आणि नारळ पाठवला, आणि एकच गोष्ट मागितली, की नात दर रविवारी त्यांच्याकडे जावी. पत्नी तिला सकाळी सोडायची. कधी ते काम माझ्याकडे आले, तर मी फाटकाशी स्कूटर थांबवायचो, मुलगी आत गेलेली दिसली की तिथूनच परत फिरायचो. आत भिंतीवर त्यांच्या मुलाचा फोटो आहे, एवढे मला ठाऊक होते. त्या फोटोखाली बसून चहा कसा प्यायचा, हे मला कळत नव्हते.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी मुलगी उठली ती उजवा डोळा चोळतच. वरच्या पापणीच्या कडेला, अगदी केसांच्या मुळाशी, ज्वारीच्या दाण्याएवढी लाल पुळी आली होती आणि हात लावला की दुखत होती. रांजणवाडी, एवढे मी ओळखले. खालच्या मजल्यावरच्या भाभींनी अंगणातूनच वर पाहून निदान केले, "गुहेरी है, भाईसाहब. लौंग घिसके लगा दो, बैठ जाएगी." त्यांच्या सासूबाईंनी मुलीला जवळ बोलावून गंभीरपणे विचारले, की तू कुत्र्याला रस्त्यात शी करायला बसलेले पाहिलेस का, कारण गुहेरी त्यानेच येते. मुलीने प्रामाणिकपणे आठवून सांगितले, की कुत्रे दोन होते, पण तिने एकाकडेच पाहिले. त्यावर भाभी म्हणाल्या, "अच्छा हुआ, नहीं तो दोनों आँखों में होती."

मला कोणाला नाही म्हणता येत नाही. मी मान डोलावली, वर आलो, सहाण काढली, लवंगही काढली, आणि मग पुढे करायचा तो हात थांबला. लवंगेच्या तेलाचा एक थेंब बोटाच्या चिरेत गेला तर काय होते, हे प्रयोगशाळेत मी अनुभवलेले होते. सहाण पुन्हा जागेवर ठेवली आणि त्या संध्याकाळी आम्ही तिघे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी मुलीला खुर्चीवर बसवले, पापणी उलटून पाहिली, आणि भिण्यासारखे काही नाही असे सांगितले. पापणीच्या काठावर तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. एखादीचे तोंड बुजले, आत जंतू वाढले, की अशी पुळी येते. बहुतेक वेळा ती आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप फुटते किंवा बसते. पानाच्या पाठीवरची सूक्ष्म रंध्रे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो आहे, त्यामुळे ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे लगेच उभे राहिले. बाईंनी सांगितलेला खरा उपाय एकच होता, आणि तो इतका साधा होता की मी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिलो. गरम पाण्याचा शेक. स्वच्छ सुती कापड गरम पाण्यात बुडवून, पिळून, आधी आपल्या मनगटावर लावून पाहायचे, सोसवेल इतकेच ऊन ठेवायचे, आणि मिटलेल्या डोळ्यावर दहाएक मिनिटे धरायचे. निवले की पुन्हा बुडवायचे. दिवसातून तीन-चार वेळा. पुळी दाबायची नाही, टोचायची नाही, कोणाचेही ऐकून तिच्यावर काही लावायचे नाही. हात धुवायचे, मुलीचा टॉवेल वेगळा ठेवायचा. सगळी पापणी सुजून आली, ताप आला, किंवा दिसायला अंधुक झाले, तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

निघताना त्यांनी विचारले, "काजल लगाते हैं क्या?"

पत्नी म्हणाली, की कधीतरी, रविवारी, आजी लावतात. बाई म्हणाल्या, की बंद करा. पत्नीने होकार दिला. परतीच्या वाटेवर ती काहीच बोलली नाही, आणि गप्प राहणे ही माझीच सवय असल्याने मला त्यात वेगळे काही जाणवले नाही.

शेक देण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. दुपारी आमच्या गॅलरीत हिवाळ्याचे ऊन येते. तिथे वेताच्या खुर्चीवर मी मुलीला बसवले, स्टुलावर पातेले ठेवले, रुमालाची घडी केली, आणि बाईंनी सांगितले तसे सगळे निगुतीने सुरू केले. पण रुमाल जवळ गेला की मुलगी दचकून मान मागे घ्यायची. डोळे मिटलेले, त्यामुळे रुमाल कधी येतो ते तिला कळत नव्हते. दोनतीनदा असे झाल्यावर ती म्हणाली, "काका, कुछ बोलो ना. चुपचाप आते हो तो डर लगता है."

म्हणून मी बोलू लागलो. आधी नुसती सूचना: आता पाण्यात बुडवतो आहे, आता पिळतो आहे, आता आणतो आहे, आता लावला. ती स्थिर बसली. मग रुमाल डोळ्यावर असतानाचा वेळ मोकळा राहू लागला, आणि आवाज थांबला की तिची मान ताठ व्हायची. तेव्हा मी जे समोर येईल ते सांगू लागलो. सकाळी बाजारातल्या बड्या फुहाऱ्याजवळ कापडाचे गठ्ठे लादलेली हातगाडी अडकली होती आणि दोन्ही बाजूंचे लोक तिला मागे-पुढे करायला सांगत होते. माझे वडील सिहोऱ्याच्या शाळेत मास्तर होते, आणि जबलपूरला येणाऱ्या बसच्या टपावर मटारच्या पोत्यांबरोबर एकदा एक बकरीही आली होती. ती हसली की रुमाल हलायचा. मी थांब म्हणायचो, ती आणखी हसायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आले, की मी एका माणसाशी, समोरासमोर बसून, इतका वेळ बोलतो आहे. तिचे डोळे मिटलेले होते, हे त्याचे कारण. फळ्यासमोर मी मोकळा असतो तसा तिच्या त्या मिटलेल्या पापण्यांसमोर मोकळा झालो होतो. मुलीलाही हे माझ्याआधी कळलेले असावे. शेक संपल्यावरही ती कधी कधी डोळे उघडत नसे. "और? बकरी का क्या हुआ?" असे डोळे मिटूनच विचारत असे.

ती पुळी बसली. आनंद फार दिवस टिकला नाही, कारण थोड्याच दिवसांनी डाव्या डोळ्याला दुसरी आली, आणि ती बसते न बसते तोच उजव्या पापणीवर पुन्हा तिसरी. ही तिसरी दुखायची थांबली, लालीही गेली, पण जागेवर वाटाण्यासारखी टणक गाठ राहिली. आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. बाईंनी ती बोटाने चाचपली. जंतूंचा जोर ओसरला आहे, पण ग्रंथीत साचलेले तेल आत घट्ट झाले आहे, असे त्या म्हणाल्या. अजून काही आठवडे शेक आणि हलका मसाज चालू ठेवा, बऱ्याचदा विरघळते. नाही विरघळली, तर लहानसा छेद देऊन काढावी लागेल. मोठ्यांना जागेपणीच करतो, पण इतक्या लहान मुलांना भूल देऊन झोपवावे लागते.

त्या हळू आवाजात सांगत होत्या, तरी मुलीने ऐकले. बाहेर आल्यावर तिने आईला एकच विचारले, की झोपवतात म्हणजे बाबांना झोपवले होते तसे का. तिच्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांतले रुग्णालय तिच्या आठवणीत तेवढेच राहिले होते, की त्यांना झोपवले आणि ते उठले नाहीत. पत्नीने तिला जवळ घेतले आणि नाही, तसे नाही, असे बऱ्याच वेळा सांगितले. मी स्कूटरची किल्ली हातात धरून उभा होतो. त्या क्षणापासून ती गाठ विरघळलीच पाहिजे, याखेरीज दुसरे काही मला सुचेना.

डॉक्टरीणबाईंनी या खेपेलाही काजळाचे विचारले होते, आणि पत्नीने बंद आहे म्हणून सांगितले होते. मुलगी शेजारी खेळायला गेल्यावर पत्नी मला म्हणाली, की बंद नाही. ती आजींना सांगू शकली नव्हती.

मग तिने आजींच्या काजळाच्या डबीची हकिगत सांगितली. आजी दिवाळीत घरीच काजळ धरतात. तुपाचा दिवा, त्यावर उपडी धरलेली काशाची वाटी, जमलेली काजळी पुन्हा तुपात खललेली. इथवर पुष्कळ घरांत होते. पण आजींकडे एक लहान चांदीची डबी आहे, मुलाच्या बारशाला माहेरून आलेली. ती त्यांनी कधीच रिकामी केलेली नाही. दर दिवाळीला नवे काजळ जुन्यावरच घालतात, दह्याला विरजण ठेवावे तसे. मुलाच्या डोळ्यांत पहिल्यांदा घातलेल्या काजळाचा काही अंश अजून तळाशी आहे, आणि म्हणून ती डबी घासायची नाही. रविवारी नातीला न्हाऊ घातले की त्यातल्याच काजळाचे बोट तिच्या पापणीच्या कडेवरून फिरायचे. संध्याकाळी घरी आणताना पत्नी ते पुसून काढायची आणि समजायची, की झाले.

माझ्या मनात सगळा हिशेब लागला. रविवार आणि पुळ्या. वर्षानुवर्षे न घासलेल्या तुपकट डबीत काय काय वाढत असेल, ते मला वर्गात शिकवण्याइतके ठाऊक होते.

पत्नी म्हणाली, "मी सांगते पुढच्या रविवारी." आणि तिचा चेहरा असा झाला, की तिला ते जमणार नाही हे आम्हा दोघांनाही समजले.

मी म्हणालो, "मी सांगतो."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. माझा विचार अगदी साधा होता. तिने सांगितले असते, तर आजींना वाटले असते की सून गेली, आडनाव गेले, आता डबीही नकोशी झाली. मी सांगितले तर फार तर परक्या माणसाने आगाऊपणा केला असे होईल. परका मी होतोच. माझ्यावर राग धरण्यात त्यांचे नवे काही जाणार नव्हते, आणि मुलीचे रविवार कदाचित वाचले असते.

त्या रविवारी मी थर्मासात गरम पाणी भरून घेतले, स्वच्छ रुमाल घेतले, आणि प्रथमच फाटकाच्या आत गेलो. आजी ठेंगण्या, काटक, केस घट्ट बांधलेल्या. नागपूरकडची बोली त्यांनी इथे एवढी वर्षे राहूनही सोडलेली नाही. दारात मला पाहून त्या म्हणाल्या, "अच्छा, आज स्कूटर बंद पडली वाटते?"

मी नाही म्हणालो.

"मग उभे काहून? या ना. फोटो काही खात नाही कोणाला."

मी आत जाऊन बसलो. फोटोतला तरुण हसरा होता आणि मुलीची हनुवटी त्याच्यासारखी होती. चहा आला. मी घरून जुळवून आणलेली वाक्ये चहाबरोबर गिळत राहिलो. आजींनी नातीला न्हाऊ घातले, केस पुसले, आणि फडताळातून डबी काढली. ती खरोखरच लहान होती, झाकणावरची वेल झिजून गुळगुळीत झालेली. मी घाईने उठलो आणि म्हणालो, की आधी शेक द्यायचा आहे, त्याची वेळ झाली. आजींनी डबी मांडीवर ठेवली. "द्या. म्यां कुठं अडवलं?"

मुलीने सवयीने डोळे मिटले. मी रुमाल बुडवला, पिळला, मनगटावर लावून पाहिला आणि नेहमीसारखे, आता आणतो आहे, आता लावला, असे सांगितले. माझी नजर रुमालावर होती, मुलीचे डोळे बंद होते, आणि आजी माझ्या पाठीमागे बसल्या होत्या. त्याच आवाजात, जणू गोष्टीचेच पुढचे वाक्य असावे तसे, मी म्हणालो, "आजी, डॉक्टरांनी हिच्या डोळ्यांत काजळ घालू नका म्हणून सांगितलं आहे."

मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आले नसते. ग्रंथींची तोंडे कशी बुजतात, जुन्या तुपात जंतू कसे टिकतात, ही गाठ विरघळली नाही तर मुलीला झोपवून छेद द्यावा लागेल, आणि झोपवतात या शब्दाला ती का भिते, ते सगळे मी रुमालाला सांगितले.

मग आजी बोलल्या. "तिनं पाठवलं का तुम्हाला? का हे तुमच्या मनचं?"

"माझ्या मनचं."

"माझ्या लेकाच्या डोळ्यांत तो शाळेत जाईस्तोवर घातलं मी. त्याले कधी नाही आली रांजणवाडी."

"नसेल आली," मी म्हणालो. "डबी टाका असं मी म्हणत नाही. डबी असू द्या. फक्त हिच्या पापणीला नको."

मुलगी डोळे मिटूनच म्हणाली, "काका, ठंडा हो गया."

मी रुमाल उचलणार तेवढ्यात मागून हात आला. "सरका तुम्ही," आजी म्हणाल्या. त्यांनी पाणी पाहिले, थर्मासातले आणखी ओतले, रुमाल पिळला, आणि माझ्याकडे मनगट पुढे केले. "इथं लावून पाहायचं ना? असंच करून राहिले होते तुम्ही?" मी हो म्हणालो. त्यांनी तो नातीच्या डोळ्यावर ठेवला. मी मोकळ्या हातांनी बाजूला उभा राहिलो. काही वेळाने मुलगी म्हणाली, "आजी, बोलना पड़ता है. काका बोलते हैं."

"काय बोलू, बाई?"

"कुछ भी. बाबा छोटे थे तब का."

आजींनी रुमालाची कड सारखी केली. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मी चपला घालून अंगणात आलो, कारण ती गोष्ट मी ऐकण्याची नव्हती. निघताना आजी दारापर्यंत आल्या नाहीत. डबीचे काय होणार, हे मला समजले नव्हते, आणि पत्नीने घरी विचारले तेव्हा मी सांगू शकलो ते एवढेच, की माझ्याकडून बोलून झाले.

पुढचा आठवडा कठीण गेला. मी त्यांना दुखावले असेल, या विचाराने मी वर्गात एक आकृती उलटी काढली. गाठ होती तशीच होती. मुलगी दर दुपारी खुर्चीवर बसायची आणि मध्येच विचारायची, "कम हुआ?" मी म्हणायचो, की थोडी, आणि ते मी म्हणतो आहे म्हणून तिला खरे वाटायचे, याचीच मला जास्त धास्ती वाटे.

रविवारी पत्नी तिला सोडून आली, आणि संध्याकाळी आणायला मी गेलो. मुलगी फाटकाशी धावत आली. डोळे स्वच्छ होते, धुतलेल्या काचेसारखे. पापणीला काजळाची रेघ नव्हती. तिने केस बाजूला करून मला उजवा कान दाखवला. कानामागे, केसांत लपेल असा, काळा ठिपका होता. "आजी बोली, नजर यहाँ भी रुक जाती है. आँख में डालना ज़रूरी नहीं." आजी ओट्यावर उभ्या होत्या. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "पाणी गरम होतं आज. थर्मास नका आणत जाऊ, माझ्याकडे गॅस हाय."

त्या दिवसापासून रविवारचा शेक आजींकडे गेला. आठवड्यातल्या दुपारी माझ्या, रविवारची दुपार त्यांची. मुलगी आता आम्हा दोघांच्या गोष्टी एकमेकांना पुरवू लागली. तिचे बाबा लहानपणी कारखान्याच्या भिंतीवरून बोरे पाडायचे आणि पकडले गेले की पहारेकऱ्यालाच अर्धी द्यायचे, हे मला तिच्याकडून कळले. माझ्या बकरीची कथा आजींपर्यंत पोहोचली होती, आणि त्यांचे मत होते की बकरी टपावर चढवणारा कंडक्टर नक्कीच बकरीचाच नातेवाईक असणार. ज्या माणसाच्या जागी मी आलो असे मला वाटत होते, त्याच्याविषयीचे माझे भय त्या दुपारींत कधी गेले, ते मला सांगता येणार नाही. त्याची जागा तशीच होती. मला वेगळी मिळाली होती.

गाठ एकदम गेली नाही. कधी वाटे की लहान झाली, कधी वाटे की तशीच आहे. रोज आंघोळीनंतर उकळून निववलेल्या पाण्यात कापूस भिजवून मी तिच्या पापण्यांच्या कडा पुसत असे. हे बाईंनी पुन्हा पुळी येऊ नये म्हणून शिकवले होते. नवी पुळी आली नाही. पळसाला कळ्या धरू लागल्या त्या सुमाराला एका दुपारी रुमाल काढताना मला ती दिसली नाही. मी बोटाने चाचपले. पापणी मऊ होती, कडेला मुगाएवढे काही उरले होते. मी मुलीला काही बोललो नाही. पत्नी येईपर्यंत थांबलो आणि मग आम्ही दवाखान्यात गेलो. बाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "अब कुछ नहीं करना. बचा हुआ अपने आप घुल जाएगा." मुलीने लगेच विचारले, की झोपवणार नाही ना. बाई म्हणाल्या, की रात्री घरी स्वतःच झोप. दवाखान्याच्या पायऱ्या ती उड्या मारत उतरली, आणि पत्नीने माझा दंड असा धरला की तिला आधार हवा होता की मला द्यायचा होता, ते आजही ठरलेले नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघे आजींना सांगायला गेलो. मी आत गेलो, फोटोखाली बसलो, चहा घेतला. पत्नी आणि मुलगी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. आजींनी सगळे ऐकून घेतले, छेद नाही ना, असे पुन्हा विचारून घेतले, आणि उठून फडताळ उघडले. त्यांच्या हातात डबी होती.

"इकडे ये," त्या म्हणाल्या.

मला वाटले, मागे कोणी उभे असेल. मी वळून पाहिले.

"तुलाच म्हणून राहिले. खाली वाक. उंच आहेस फार."

मी वाकलो. का कोण जाणे, डोळेही मिटले. त्यांनी माझा कान धरून थोडा पुढे केला, शाळेत मास्तर धरतात तसा, आणि मागे गार बोट टेकले. "पोरगी येता-जाता काका काका करते. घरोघरी सांगत फिरते. नजर लागते अशानं." मग डबीचे झाकण लागल्याचा बारीक आवाज आला. मी डोळे उघडले. त्या कपड्यांकडे निघून गेल्या होत्या.

सोमवारी मी डोक्यावरून आंघोळ केली नाही. वर्गात नेहमीप्रमाणे फळ्याकडे वळून पानाचा आडवा छेद काढू लागलो. मागे कुजबुज सुरू झाली आणि वाढत गेली. शेवटी पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी संकोचाने म्हणाली, "सर, आपके कान के पीछे कुछ काला लगा है. स्याही होगी."

मी खडू ठेवला आणि वर्गाकडे वळलो. इतकी तोंडे एकदम माझ्याकडे पाहत होती.

"काजल है," मी म्हणालो. "घर का है. रहने दीजिए."

मग पानाची रंध्रे कशी उघडतात आणि कशी मिटतात, ते त्यांच्याकडे पाहत सांगू लागलो.